कमी पाण्यात शेंगा काढायच्या तर तुषार सेट घ्यावा का? वापरून सांगतेय

कर्नाटकच्या कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून सबसिडीवर मिळतो तो स्प्रिंकलर सेट, म्हणजे ६३ एमएमचे ३० पाईप, ५ नोझल, स्टँड, कपलर, एंड कॅप वगैरे, तो आमच्याकडं उन्हाळी शेंगांना (भुईमुगाला), सूर्यफुलाला, करडईला आणि पावसाळ्यात सोयाबीनला पण लावून झालाय. पै-पाहुण्यांत सारखं कोण ना कोण विचारतंय घ्यावा का म्हणून, तर एकदाच सगळं सविस्तर लिहिते. शेंगांसाठी पाचपैकी पाच मार्क. सोयाबीनला चार. सूर्यफुलाला निम्म्या वाटेपर्यंतच. करडईला एकदाच लावायचा आणि तो पण वेळेत. आणि जर कोणाला वाटत असेल की सेट आला म्हणजे पाणी वाढलं, आता दुप्पट रान पेरूया, तर त्यांनी घेऊच नये, त्यांचं नुकसान होणार.

आमचं रान संकेश्वरच्या अलीकडं, हिरण्यकेशीपासून वर माळाला. खाली नदीकाठाला सगळा ऊस, वर आमचं बोअरवर चाललेलं. निम्मं रान काळं, निम्मं तांबूस मुरमाड. नवरा बेळगावला उद्यमबागेत कामाला, सुट्टीला येतो, रोजचं रान मी आणि आत्याबाई बघतो. हे सांगायचं कारण एवढंच की पाईप जोडायचे, सोडायचे, पुढं न्यायचे हे सगळं आम्ही दोघीच करतो, गडी लावत नाही. ६३ चा २० फुटी पाईप अडीच-तीन किलोचा असतो, एक बाई मधोमध धरून नेते. रात्री खोरं घेऊन वाफ्याची दारं धरत उभं राहायचं, त्यापेक्षा हे शंभरपट बरं. ज्यांच्या घरात बायकाच शेती बघतात त्यांनी ही गोष्ट नक्की विचारात घ्या, कारण दुकानदार हे कधी सांगत नाहीत.

सेट घ्यायच्या आधी बोअरचं पाणी मोजा. दोन इंची आहे, अडीच इंची आहे असं सगळे सांगतात पण तो आकडा बोअर मारलं त्या दिवशीचा असतो. २०० लिटरचं बॅरल घ्या, बोअरचा डिलिव्हरी पाईप त्यात सोडा, मोबाईलवर सेकंद लावा. ८० सेकंदात भरलं तर तासाला ९ हजार लिटर झालं. एक नोझल मिनिटाला साधारण ३० लिटर टाकतो, म्हणजे पाच नोझलला बरोबर तेवढंच पाणी लागतं. बॅरल भरायला सव्वादोन मिनिटं लागत असतील तर तीनच नोझल चालवायचे, उरलेले दोन बंद. पाचही चालवायच्या नादात प्रेशर पडतं आणि मग पाणी नोझलपासनं लांब, गोल कड्यासारखं पडतं, मधलं रान कोरडं, कडेला चिखल. दोन ते अडीच किलो प्रेशर नोझलला मिळालं पाहिजे, तरच थेंब बारीक होतात आणि सगळीकडं सारखे पडतात.

आता हिशोब. नोझल १२ मीटरवर, पुढची लाईन पण १२ मीटरवर, म्हणजे एका नोझलच्या वाट्याला १४४ चौरस मीटर, पाचांचे मिळून सात गुंठे. तासाला साडेबारा मिलिमीटर पाणी पडतं. ४० मिलिमीटरचं एक पाणी द्यायचं तर सव्वातीन तास. एकराला सहा जागा बदलायला लागतात. हेस्कॉमची (आमच्याकडची वीज कंपनी) थ्री फेज लाईट ७ तास, तेवढ्यात दोन जागा होतात, म्हणजे एक एकर भिजायला तीन दिवस. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४ हजार लिटर, तर ४० मिलिमीटरला १ लाख ६० हजार लिटर गेलं. पाटानं हेच पाणी पाजलं की ७५ ते १०० मिलिमीटर जातं, म्हणजे तीन-चार लाख लिटर, आणि त्यातलं किती तरी पाटातच मुरतं नाहीतर मुळांच्या खाली निघून जातं. फरक इथं आहे.

पण ह्याच हिशोबानं पुढं बघा. एप्रिलात पीक आणि ऊन मिळून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी ओढतात. ४० मिलिमीटर दिलं की सहाव्या दिवशी परत पाणी मागतं. तासाला ९ हजार लिटर असेल, ७ तास लाईट असेल, थोडं वाऱ्यात-उन्हात उडून जाणारं धरलं, तर पावणेदोन एकराच्या वर तुम्हाला जमणारच नाही. आणि एप्रिलात बोअर जानेवारीसारखं कुठं चालतंय, आमच्या पट्ट्यात ते निम्म्यावर येतं, म्हणजे एकरसुद्धा नीट होत नाही. म्हणून शेंगा पेरताना जानेवारीचं पाणी बघून पेरू नका, एप्रिलचं पाणी बघून पेरा. मागच्या उन्हाळ्यात एप्रिलात बॅरल भरायला किती वेळ लागत होता ते वहीत लिहून ठेवा, त्यावरनं रान ठरवा. ह्यावर माझं ठाम मत आहे. शेजारपाजारची किती तरी शेंगांची रानं शेंग पोसायच्या वेळेला पाणी कमी पडून पोचट झालेली मी बघितल्यात, जानेवारीत तीच रानं हिरवीगार होती, एवढं वाईट वाटतं बघून, बियाणं, खत, भांगलण सगळं घालून झालेलं असतं.

शेंगांना हा सेट एवढा का मानवतो ते सांगते. शेंगांचं फूल जमिनीच्या वर येतं आणि मग त्याची आरी, म्हणजे सुईसारखा कोंब, खाली वळून मातीत घुसते, शेंग मातीत धरते. आरी घुसायला वरची दोन बोटं माती मऊ आणि ओली पाहिजे. पाटानं पाणी दिलं की पहिले दोन दिवस चिखल, नंतर वरचा थर टणक, आऱ्या वरच लोंबकळतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बांधाकडंच्या पट्टीला नोझलचं पाणी पोचत नव्हतं. आत्याबाईंनी तिथला एक वेल उपटला आणि एक मधला उपटला, दोन्ही शेजारी ठेवले. बांधाकडच्या वेलाच्या खालच्या चार-पाच आऱ्या तेवढ्या शेंगा धरून होत्या, बाकीच्यांची टोकं काळी पडून वाळलेली, हातात घेतली की मोडायची. मधल्या वेलाच्या मुळाभोवती पांढऱ्या आऱ्यांची नुसती झालर, टोकाला ज्वारीएवढ्या शेंगा. त्या म्हणाल्या, "हे बघ पोरी, ह्या काठाला एक स्टँड जास्त लाव." दुसऱ्या दिवशीच लाईन बांधाकडं सरकवली.

पाण्याच्या वेळा. उगवण झाली की पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं, मुरमाड रानात थोडं कमी. ह्या ताणानं मूळ खाली जातं आणि फुलं एकदम लागतात, मागंपुढं होत नाहीत. जास्त लाड करून सारखं पाणी दिलं की नुसता पाला वाढतो. पण एकदा फुलं दिसली, म्हणजे पेरल्यापासनं पंचवीस-तीस दिवसांनी, तिथनं पुढं आऱ्या सुटायच्या वेळेला आणि मग शेंगा पोसायच्या वेळेला पाणी चुकवायचं नाही. पाणी फारच कमी असेल तर ताण सुरुवातीला आणि काढणीच्या तोंडाला द्या, मधे नको. आऱ्या सुटताना एकरी २०० किलो जिप्सम टाकायचं आणि लगेच नोझल चालू करायचे. शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळावाटे वेलातनं येत नाही, शेंग ते थेट आजूबाजूच्या मातीतनं घेते, त्यामुळं जिप्सम वरच्या थरात विरघळलं पाहिजे, आणि वरचा थर ओला ठेवणं हेच ह्या सेटचं काम. कोरड्या मातीत जिप्सम नुसतं पडून राहतं.

काळ्या रानात एकदम सव्वातीन तास चालवू नका. काळी माती हळू पिते, दीड-दोन तासांनी पाणी वरनं वाहायला लागतं, मग जागा बदलून परत तिथं यायचं. मुरमाड रानात उलटं, २५ मिलिमीटरच द्यायचं म्हणजे दोन तास, पण लवकर लवकर.

वाऱ्याचं मात्र ह्या सेटला काही करता येत नाही. फेब्रुवारी-मार्चपासनं दुपारी आमच्या माळाला वारा सुटतो, नोझलचं पाणी शेजारच्या रानात जातं. पहाटेची लाईट असेल त्या आठवड्यात सगळ्यात छान भिजतं, वारा नसतो, ऊन नसतं, आणि पानं दहा वाजेपर्यंत वाळून पण जातात. संध्याकाळी भिजवून पानं रात्रभर ओली राहिली की टिक्का आणि तांबेरा हे पानावरचे रोग वाढतात. त्यासाठीच आम्ही धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं जीपीबीडी-४ वाण घेतो, ते ह्या दोन्ही रोगांना चांगलं तग धरतं, तुषारवर पेरायचं असेल तर मी हेच सांगेन. रात्रीची लाईट असेल तर भिजतं चांगलं, पण अंधारात पाईप हलवायचे म्हणजे साप-किरडूची भीती, गमबूट आणि चांगली बॅटरी असल्याशिवाय जाऊ नका, आणि एकटी बाई तर नकोच.

सारखं पडतंय का ते बघायचं असेल तर डालड्याचे नाहीतर रंगाचे सारख्या मापाचे रिकामे डबे चार नोझलच्या मधल्या चौकात ठेवा, तासानं पट्टीनं मोजा. एका डब्यात सेंटीमीटरच्या वर आणि दुसऱ्यात अर्धा पण नसेल तर प्रेशर नाहीतर अंतर चुकलंय. काही जण पाईप वाचवायला १२ च्या जागी १८ मीटर टाकतात, असं करू नका, मधे सुकं राहतं.

आता सेटचे दोष. कपलरच्या रबर रिंगा पहिल्याच उन्हाळ्यानंतर कडक होतात आणि गळायला लागतात, दहा जागी गळलं की शेवटच्या नोझलला प्रेशर राहत नाही. आम्ही ज्यांच्याकडनं घेतला त्यांनी रिंगा देतो देतो करत पूर्ण हंगाम घालवला, शेवटी संकेश्वरच्या बाजारातनं डझनावर आणल्या. तुम्ही सेट घ्यायलाच गेलात की जादा रिंगा तिथंच मागून घ्या आणि प्रत्येक पाईपचे क्लॅम्प लावून बघा, आमच्या दोन पाईपांचे तोंडं वाकडी निघाली. स्टँड कमी उंचीचे येतात, शेंगांना, सोयाबीनला ठीक, पण सूर्यफूल कमरेच्या वर गेलं की नोझलच झाकला जातो. नोझलमधे वाळू अडकते, बोअरला फिल्टर नसेल तर निदान जाळी बसवा. पाईप मात्र चांगले आहेत, उन्हात पडून पण तडकले नाहीत, आयएसआय मार्क बघून घ्या एवढंच.

सूर्यफुलाचं सांगते. कळी येईपर्यंत तुषार चालतो, छान चालतो. फुलं उमलली की बंद करायचा. परागकण धुऊन जातात, मधमाश्या येत नाहीत, आणि सूर्यफुलात माशी आली नाही तर दाणा पोकळ राहतो, मधल्या भागात तर नुसती फोलपटं. अडचण अशी की पाण्याची खरी गरज पण तेव्हाच असते, कळी, फूल आणि दाणा भरताना. म्हणून सूर्यफूल सरीवर घ्या, सुरुवातीला तुषार आणि फुलोऱ्यात एक सरी आड पाणी, आज ही सरी, पुढच्या पाळीला ती. पाणी कमी लागतं आणि झाडाला पुरतं. सऱ्यांमधे उसाचं पाचट टाकलं तर अजून दोन-चार दिवस ओल टिकते, आणि आमच्या भागात पाचटाला काय तोटा नाही, लोक जाळतात त्यापेक्षा मागून आणा.

करडई तर पाण्याची मागणीच करत नाही फार. मूळ खोल जातं, काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर निघते, अथणीकडं आणि पुढं विजापूरकडं तर कोरडवाहूच घेतात. धारवाड विद्यापीठाचं अण्णिगेरी-१ हे जुनं वाण अजून चालतं. एकच पाणी देता येणार असेल तर पेरल्यापासनं तीस-पस्तीस दिवसांनी द्या, रानाला भेगा पडायच्या आधी. भेगा पडल्यावर पाणी सोडलं की ते भेगांतनं खाली जातं आणि मर रोग लागून झाडं वाळतात. त्या एका पाण्याला तुषार सगळ्यात बरा, पाटानं तळं साचलं की करडई बसते. त्यानंतर तुषार विसरा, कारण काटे आले की रानात पाईप घेऊन शिरताच येत नाही. आत्याबाई तर करडईचं पाणी झालं की त्याच दिवशी पाईप बाहेर काढून घेतात.

सोयाबीनला आम्ही फक्त पावसाचा खंड पडला तर लावतो. ऑगस्टच्या शेवटाला, सप्टेंबरात शेंग भरताना पंधरा दिवस पाऊस गेला की एक ४० मिलिमीटरचं पाणी सगळं पीक वाचवतं, त्या एका पाण्यानं सेटचे पैसे निघाले असं मी म्हणेन. फक्त कृष्णा-दूधगंगेच्या ह्या पट्ट्यात सोयाबीनला तांबेरा येतो, म्हणून पानाची खालची बाजू बघत राहा. वाण डीएसबी-२१ घेतलं तर तांबेऱ्याची काळजी कमी. नोझल लावायला जमत नसेल त्यांनी १३:०:४५ ह्या विद्राव्य खताची (पोटॅशियम नायट्रेट) १ टक्का फवारणी, म्हणजे दहा लिटरला १०० ग्रॅम, करून बघावी, पीक थोडं थांबतं, पण ती पाण्याची जागा घेत नाही.

रेन पाईपचं, म्हणजे बारीक भोकांच्या चपट्या नळीचं, बऱ्याच जणांनी विचारलंय. स्वस्त आहे, कमी प्रेशरवर चालतो, अंथरायला सोपा. पण लांबी वाढली की शेवटाला पाणी कमी पडतं, खुरप्यानं, उंदरानं लगेच भोकं पडतात. पाच-दहा गुंठ्याला ठीक. रेनगन, म्हणजे लांब पाणी फेकणारा मोठा नोझल, शेंगांना नको, थेंब जाड पडतात, कोवळं रोप आपटतं आणि माती वरनं दाबली जाते, मग परत आऱ्यांची तीच अडचण. ठिबक गादीवाफ्यावर घातलं तर पाणी सगळ्यात कमी लागतं हे खरं, पण शेंगा काढायच्या वेळेला नळ्या गुंडाळायच्या, परत अंथरायच्या, आणि वरचा थर पूर्ण ओला होत नाही. ज्यांच्याकडं ठिबक आधीच आहे त्यांनी वापरावं, शेंगांसाठी नवीन घेऊ नये असं माझं मत.

ज्यांचं बोअरचं पाणी खारट आहे, आमच्याकडं कमी पण रायबाग, कागवाड, उगारकडं नदीकाठच्या काळ्या रानात हा त्रास आहे, त्यांनी आधी पाणी तपासून घ्या. खारट पाणी पानावर पडून उन्हात वाळलं की कडा करपतात. मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी दोन्हीकडं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारा.

सबसिडी. कर्नाटकात सूक्ष्म सिंचनाला दोन हेक्टरपर्यंत ९० टक्के आहे, आपला हिस्सा थोडाच राहतो. माहेरी कागलला महाडीबीटीवर, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या वेबसाईटवर, अर्ज करतात, तिकडं लहान शेतकऱ्याला ८० टक्के, त्यामुळं ह्या बाबतीत आपण बरे आहोत. लागतं काय तर आधार, पासबुक, उतारा आणि फ्रूट्सचा (कर्नाटकातली शेतकरी नोंदणी) एफआयडी नंबर. अर्ज कन्नडात असतो, भरताना कन्नड नीट येणारं कोणीतरी बरोबर न्या आणि आडनाव उताऱ्यावर जसं आहे तसंच सगळीकडं आहे का ते अक्षर न् अक्षर बघून घ्या. आपल्या मराठी आडनावांची कन्नडात दोन-तीन तऱ्हेनं नोंद झालेली असते, उताऱ्यावर एक, आधारवर एक, आणि तिथंच अर्ज अडकतो. आमचा त्यातच महिना गेला. उतारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी वारसा लावून घ्या, मग जा. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरातच टाका, जानेवारीत गेलात तर सेट हातात यायला शेंगा फुलावर येतील.

६३ का ७५ असं विचाराल तर तासाला ९ हजार लिटरपर्यंत आणि बोअर रानातच असेल तर ६३ पुरे. बोअर लांब असेल, ५०० फूट पाईप घालून मग रान येत असेल, तर ७५ घ्या, प्रेशर टिकतं. एका पाईपला किलोभर वजन वाढतं, तेवढं दोघींना जड नाही.